आधी आटे बघा, मग पाटी वाचा : जुन्या विलायती सायकलची ओळख आणि ओव्हरऑइलिंग

परभणी, जालना, नांदेडकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत एक गोष्ट हटकून सापडते. ढाळजेच्या कोपऱ्यात, रिकाम्या कणग्यांच्या मागं, धुळीनं पांढरी पडलेली काळी सायकल. कुणाच्या आजोबांना लग्नात घड्याळासोबत मिळालेली, नाहीतर रोज आठ कोस शाळेवर जाणाऱ्या गुरुजींची. घरातलं माणूस छातीठोक सांगतं, "ओरिजनल रॅले आहे, इंग्लंडची." जवळ जाऊन बघावं तर पाटी रॅलेची, चिमटा (पुढचं चाक धरणारा) हर्क्युलिसचा, मागचं चाक लुधियानाचं आणि डावी क्रँक (पायडलची दांडी) भलत्याच सायकलची. यात कुणी कुणाला फसवलेलं नसतं. मिस्त्रीच्या हाताला जो भाग लागला तो त्यानं बसवला आणि सायकल पन्नास वर्षं रस्त्यावर ठेवली.

म्हणून अशी सायकल उतरवली की पाटी बघून खूश होऊ नका आणि लगेच पानाही काढू नका. कुठला भाग कुठून आलाय हे आधी समजून घ्यायचं. चुकीचा कप, म्हणजे छर्रे बसतात ती आट्यांची वाटी, बळानं बसवला की फ्रेमचे आटे जातात, आणि गेलेले आटे परत येत नाहीत. गंज काढता येतो, टायर नवा मिळतो, आट्यांना इलाज नाही. हे मी आजोबांच्या हंबर कंपनीच्या सायकलवर शिकलो, तेही एकदा खराब करून.

हात लावायच्या आधी

पहिल्या दिवशी फक्त फोटो काढायचे. दोन्ही बाजूंनी, चेनव्हील (पायडलपाशचं दातरी चाक) जवळून, मागचा हब (चाकाचा मधला तुंबा) जवळून, ब्रेकच्या दांड्यांचे सगळे सांधे, चेन ॲडजस्टर कसा बसलाय ते. महिनाभरानं जोडायला बसाल तेव्हा कुठला वॉशर कुठं होता हे आठवणार नाही, ही खात्री मी देतो.

मग ओल्या फडक्यानं आणि साबणाच्या पाण्यानं धूळ पुसा. बस, साबणाचं पाणीच. आपल्याकडं सायकल म्हटलं की हात रॉकेलच्या कॅनकडं जातो. पण जुन्या फ्रेमवरचे कंपनीचे छाप आणि मडगार्डवरच्या बारीक सोनेरी रेघा रॉकेल-पेट्रोलनं निघून जाऊ शकतात. काळ्या भट्टीच्या रंगावर धुळीचा थर असतो, तो गेला की खाली बऱ्याचदा चांगला रंग निघतो. पितळी पाटीला चिंच किंवा भांडी घासायची पावडर लावू नका. पाटीच्या खोलगट भागात भरलेला लाल-निळा रंग त्यातच जातो.

आणि नवा रंग तर मुळीच नको. माझ्या ओळखीत एकानं मामांची सायकल एका वर्कशॉपात "नवीकोरी" करायला टाकली. आठ दिवसांनी चकाचक सायकल आली. फ्रेम नंबर रंगाखाली बुजलेला, छाप गेलेले, आणि हेडच्या कपातसुद्धा रंग उडालेला, त्यामुळं हँडल फिरेना. ओरखड्यांसकट मूळ रंग असलेली सायकल मला त्यापेक्षा शंभरपट प्यारी.

पाटी, चेनव्हील, चिमटा

आता ओळख. हँडलखाली हेडट्यूबवर पितळी किंवा पत्र्याची पाटी असते. ती दोन बारीक स्क्रूंनी किंवा रिबेटांनी लावलेली असते. पाटीच्या आसपास बुजवलेली जादा भोकं दिसली तर पाटी नंतर लावलेली आहे असं समजा.

पाटीपेक्षा चेनव्हील बरंच प्रामाणिक. इंग्रज कंपन्यांना आपली खूण दातऱ्या चाकाच्या जाळीतच कापायची हौस होती. रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्याची डोकी दिसतात, कारण बगळा हीच त्यांची निशाणी. बीएसएच्या चाकात तीन अक्षरं कोरलेली. ती मुळात बर्मिंगहॅमची बंदुकांची कंपनी, म्हणून पाटीवर एकमेकींना टेकवलेल्या तीन बंदुका. रजच्या चेनव्हीलमध्ये उघडा पंजा असतो. हंबरच्या चेनव्हीलमध्ये माणसांच्या आकृत्या, आणि हंबरचा चिमटा तर लांबूनच ओळखू येतो : प्रत्येक बाजूला एकाऐवजी दोन बारीक नळ्या, समांतर खाली आलेल्या. आमच्या गल्लीत त्याला "जोडनळीची सायकल" म्हणायचे.

पण इंग्रज कंपन्यांची आपसांतली खरेदी-विक्री ध्यानात ठेवा. नॉटिंगहॅमच्या रॅलेनं हंबर १९३२ मध्ये घेतली, रज १९४३ मध्ये, बीएसएच्या सायकली १९५७ मध्ये. १९६० मध्ये फिलिप्स, हर्क्युलिसवालेही रॅलेशी एक झाले. त्यामुळं १९५० ची हंबर ही आतून बहुतांशी रॅलेच असते, आणि तिला रॅलेचे आटे लागतात. हा मुद्दा पुढं कामाला येणार आहे.

दुसरी गफलत देशी-विलायतीची. स्वातंत्र्यानंतर याच नावांच्या सायकली इथंच बनायला लागल्या. हर्क्युलिस मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ मध्ये स्थापन झालेल्या टीआय सायकल्सनं काढली, रॅले आसनसोलला सेन-रॅलेनं. मुंबईची हिंद सायकल तर होतीच. हिंद आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्या १९८० मध्ये सरकारनं ताब्यात घेतल्या. ॲटलास सोनीपतची, १९५१ ची; हिरो लुधियानाची, १९५६ ची. तेव्हा "हर्क्युलिस आहे" म्हणजे "विलायती आहे" असं होत नाही. हब, क्रँक, पायडल, ब्रेकचे लिव्हर यांवर बारीक अक्षरांत देशाचं नाव ठोकलेलं असतं. जुन्या दात घासायच्या ब्रशनं घाण काढा, बॅटरीचा उजेड तिरपा टाका, मग वाचा. माझं विचाराल तर सुरुवातीच्या काळातली देशी सायकलही जपण्यासारखीच आहे. ती विलायती म्हणून खपवायची गरज काय?

नगरपालिका सायकलवर कर घ्यायच्या तेव्हाचे वर्ष ठोकलेले बिल्ले कधीकधी हँडलला किंवा सीटखाली लटकलेले सापडतात. त्यावरून सायकल निदान त्या वर्षी चालू होती एवढं तरी कळतं. असला बिल्ला फेकू नका.

चाकाचं माप : इथं सगळे फसतात

"अठ्ठावीसची सायकल" असं आपण सरसकट म्हणतो. आपली नेहमीची उंच सायकल २८ × १ १/२ मापाची. या टायरच्या कडेला ४०-६३५ असा आकडा असतो. ६३५ म्हणजे टायर रिमवर जिथं बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. खरं माप हेच. इंचांचा आकडा नुसता नावापुरता.

कारण २७ × १ १/४ मापाच्या जुन्या रेसर सायकलच्या रिमचा व्यास ६३०, आणि आजच्या ७०० सी टायरचा ६२२. नावात सत्तावीस-अठ्ठावीस, फरक पाच मिलिमीटरचा. ६३० च्या रिमवर ६३५ चा टायर चढतो, अगदी सहज चढतो, आणि हवा भरली की एका बाजूनं रिमच्या बाहेर येतो. उलट ६३० चा टायर ६३५ च्या रिमवर चढवायला गेलात तर स्क्रू ड्रायव्हरनं ट्यूब फाडाल. बुटक्या, हलक्या सायकलींचं माप २६ × १ ३/८, म्हणजे ५९०. पण २६ × १ १/२ चा व्यास ५८४, तो वेगळा. दुकानात जाताना जुना टायर खांद्यावर टाकून नेलेला बरा, नाहीतर ६३५, ५९० असा आकडा सांगा.

विलायती रोडस्टरची, म्हणजे रोजच्या वापराच्या उंच सायकलची, एक खूण आऱ्यांत असते. पुढच्या चाकाला ३२ आरे, मागच्याला ४०. आपल्याकडच्या उंच सायकलींनीही तीच चाल उचलली. दोन्ही चाकांना ३६ निघाले तर चाकं बदललेली असण्याचा संभव आहे. दांडीच्या ब्रेकची रिमही वेगळी असते, आतल्या अंगाला दोन्हीकडं गोलाई असलेली, कारण तिथं ब्रेकचे रबर खालून वर येऊन टेकतात. तिला वेस्टवूड रिम म्हणतात. कडेनं चिमटणारे ब्रेक या रिमवर चालत नाहीत.

मागचा हब

मागच्या चाकाचा हब फुगीर, डब्यासारखा असेल आणि एक्सलच्या उजव्या टोकातून बारीक साखळी बाहेर येत असेल तर तुमचं नशीब चांगलं. तो स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब. कवचावर मॉडेलची अक्षरं असतात, बहुतेक वेळा "एडब्ल्यू", आणि शेजारी आकडे. ५६ ३ असं दिसलं तर हब मार्च १९५६ चा. सायकलचं वय काढायला फ्रेम नंबरापेक्षा हा शिक्का मला जास्त भरवशाचा वाटतो. फक्त चाकच बदललेलं असेल तर तो चाकाचं वय सांगेल, सायकलचं नाही. म्हणून आऱ्यांची संख्या, रिम आणि हब यांचा मेळ लावून बघा.

एडब्ल्यू हबचं गणित सोपं आहे. मधला गिअर सरळ, पहिल्यात चाक पाऊणपट फिरतं, तिसऱ्यात सव्वापटीहून थोडं जास्त. गिअर घसरतो, पायडल मध्येच मोकळं फिरतं अशी तक्रार आली तर हब खोलू नका, शंभरातल्या नव्वद वेळा तो सेटिंगचा प्रश्न असतो. लिव्हर मधल्या गिअरला टाका. उजव्या नटाला भोक असतं, त्यातून आतली सळई दिसते. त्या सळईचा खांदा एक्सलच्या टोकाशी बरोबर समपातळीत यायला हवा. आत-बाहेर असेल तर साखळीचा नरसाळ्यासारखा ॲडजस्टर फिरवून जुळवा आणि लॉकनट आवळा. दहा मिनिटांचं काम. घसरणाऱ्या गिअरवर उभं राहून पायडल मात्र मारू नका. पाय सटकला की नळीवर काय आदळतं ते सांगायला नको.

हबच्या कवचावर तेल सोडायचं छोटं झाकण असतं. महिन्याकाठी एक छोटा चमचा पातळ तेल. शिलाई मशीनचं चालतं, मोटरसायकलचं इंजिन ऑइलही चालतं. खोबरेल किंवा खायचं तेल कधीच नको. थोड्याच महिन्यांत त्याचा चिकट राळेसारखा थर होतो आणि आतले छोटे खटके उठेनासे होतात. आमची हंबर "जाम" झाली होती ती गंजानं नाही, बहुधा आजीच्या बाटलीतल्या तेलानं. रॉकेल आत सोडून, चाक फिरवून, ते काढून टाकून, पुन्हा तीन-चार वेळा तसंच केलं आणि मग ताजं तेल घातलं, तेव्हा टिक-टिक असा आवाज पुन्हा आला.

कॉटर काढणं

आता ओव्हरऑइलिंग, म्हणजे सगळं खोलून, साफ करून, तेल-ग्रीस घालून पुन्हा जोडणं. आमच्याकडं दुकानाच्या पाटीवर हा शब्द असाच लिहितात आणि मला तो ओव्हरहॉलपेक्षा बरा वाटतो, कारण कामाचा निम्मा भाग तेलच असतं.

सगळ्यात अवघड काम कॉटरचं. क्रँक एक्सलला धरून ठेवणारी ही एक बाजू सपाट घासलेली खिट्टी चाळीस वर्षांत आत वेल्डिंग केल्यासारखी बसते. मी पहिल्यांदा काय केलं? नट पूर्ण काढला, सायकल भिंतीला टेकवली आणि हातोडीनं आट्यांच्या टोकावर ठोकत बसलो. पाच-सात घावांत टोक छत्रीसारखं पसरलं, कॉटर वाकला आणि भोकातच अडकला. मग ड्रिलनं कोरून काढण्यात अख्खा रविवार गेला. गल्लीतले सायकलवाले चाचा हे सगळं ओट्यावरून चहा पीत बघत होते. शेवटी उठून आले आणि म्हणाले, "अरे बावा, नीचे टेका लगाव, फिर एकीच मार."

त्यांची रीत अशी. आदल्या रात्री कॉटरच्या दोन्ही टोकांना गंज सोडवणारं तेल किंवा डिझेल सोडा. सकाळी नट सैल करा, पण काढू नका. नटाचा माथा आट्यांच्या टोकाशी समपातळीत आणा, म्हणजे घाव नटावर बसेल आणि आटे वाचतील. क्रँक आडवी धरा, नटाची बाजू वर. क्रँकच्या खाली जमिनीपासून बरोबर क्रँकपर्यंत पोचेल अशी जाड लोखंडी नळी उभी करा. नळीचं तोंड एवढं मोठं हवं की कॉटरचं जाड टोक त्यात उतरेल, पण क्रँक नळीच्या काठावर टेकलेली राहील. घावाचा सगळा जोर मग जमिनीत जातो, छर्ऱ्यांवर येत नाही. वरून वजनदार हातोडीचा एक सरळ, न घाबरता मारलेला घाव. दहा हलक्या टिचक्यांनी कॉटर फक्त चेपतो. पहिल्या घावात "टक" ऐवजी "ठप्प" असा आवाज आला की समजा, सुटला.

नवा कॉटर घेताना जुना बरोबर न्या. विलायती सायकलींना साधारण साडेनऊ मिलिमीटर जाडीचा लागतो, बारीक बसवला तर क्रँक डुलत राहते. सपाट बाजू कानशीनं घासून जुळवावी लागते, दोन्ही कॉटर सारखेच घासायचे. बसवताना एका क्रँकचा नट वर असेल तर दुसऱ्याचा खाली हवा. दोन्ही एकाच दिशेनं घातले की क्रँका एका रेषेत येत नाहीत आणि पायडल मारताना लंगडल्यासारखं वाटतं. आणि नट आवळून कॉटर ओढून घ्यायचा नसतो. खालून टेका देऊन ठोकून बसवायचा, मग नट आवळायचा.

बॉटमचे कप आणि छर्रे

क्रँकांचा एक्सल फ्रेमच्या ज्या आडव्या नळीत फिरतो ती बॉटम. क्रँका निघाल्या की डाव्या बाजूची लॉकरिंग घड्याळाच्या उलट फिरवून सोडा, मग डावा कप. खाली जुनं धोतर किंवा वर्तमानपत्र पसरा, नाहीतर छर्रे ज्वारीसारखे घरभर होतात. प्रत्येक बाजूला पाव इंची ११ छर्रे असायला हवेत. नऊच निघाले तर मधल्या कुणा मिस्त्रीनं दोन वाचवलेत. एक्सल बाहेर काढताना कुठली बाजू लांब ते बघा. चेनव्हीलकडं, म्हणजे उजवीकडं, लांब बाजू येते.

उजवा कप शक्यतो काढूच नका. जागेवरच फडक्यानं पुसा, बोट फिरवून बघा. गुळगुळीत असेल तर राहू द्या. खड्डे लागले तरच काढायचा, आणि तेव्हा एक गोष्ट मनावर कोरून ठेवा : इंग्रजी सायकलच्या उजव्या कपाचे आटे उलटे असतात, तो घड्याळाच्या दिशेनं फिरवला की सुटतो. हे विसरून जोर लावणारा तो कप आणखी आवळत जातो. डाव्या पायडलचंही असंच, तेही उलट्या आट्यांचं.

इथंच आट्यांची परीक्षा करायची. बहुतेक इंग्रजी आणि देशी सायकलींचे बॉटमचे आटे इंचाला २४. नॉटिंगहॅमच्या जुन्या रॅलेचे मात्र २६, आणि रॅलेनं घेतल्यानंतरच्या हंबर-रजचेही बहुधा तेच. चिमट्याच्या वरच्या टोकालाही तसंच, बाकीच्यांना २४, रॅलेला २६. दिसायला दोन्ही कप जुळे भाऊ. २४ चा कप २६ च्या बॉटमच्या नळीत एक-दीड वळण जातोसुद्धा, आणि तिथंच घात होतो. ओळखायची सोपी युक्ती : खात्रीचा २४ चा कप घ्या, सायकलमधून निघालेला कप त्याच्या आट्यांत आटे घालून धरा आणि उजेडाकडं बघा. एकमेकांत बसले, मधून उजेड आला नाही, तर एकच माप. थोड्या अंतरावर आटे आट्यांवर चढले, तर वेगळं. बाजारात २६ चे कप सहजी मिळत नाहीत, म्हणून रॅलेचे मूळ कप थोडे झिजलेले असले तरी जपा. नवे छर्रे आणि भरपूर ग्रीस यांवर ते आणखी कितीतरी वर्षं जातात.

छर्रे मात्र सगळे नवे. जुने-नवे मिसळले की नव्यांवरच सगळा भार येतो. पुढच्या हबला ३/१६ इंची, बाजूला १०. मागच्या साध्या हबला पाव इंची, बाजूला ९. हेडला आणि पायडलला ५/३२ इंची. कपात आधी ग्रीसचा थर, त्यात छर्रे एकेक रोवायचे. शेवटी एक छर्रा मावेल न मावेल एवढी फट उरली पाहिजे. ठासून भरले तर ते एकमेकांवर घासतात.

कोन, म्हणजे एक्सलवरचा छर्ऱ्यांना टेकणारा शंकूसारखा नट, किती आवळायचा हे लिहून सांगणं कठीण. चाक हातात धरून कडेकडेनं हलवा, खडखड नको. मग चाक हळू फिरवून सोडून द्या. हवा भरायच्या वॉलच्या वजनानं ते मागं-पुढं झुलत वॉल खाली येऊन थांबलं तर कोन बरोबर. कुठंतरी मध्येच ठप्प थांबलं तर घट्ट झाला. लॉकनट आवळताना कोन थोडा आणखी दाबला जातो, म्हणून आधी केसभर सैल ठेवायचा.

पान्याबद्दल एकच. या सायकलींचे नट इंचाच्या मापाचे आहेत. मिलिमीटरचा पाना "बसल्यासारखा" वाटतो आणि कोपरे खातो. सायकलच्या दुकानात मिळणारा चपटा, भोकाभोकांचा पाना स्वस्त आणि या कामाला बरा.

ब्रेक, चेन, सीट

दांडीच्या ब्रेकमध्ये बघायचं ते रबराचं घर. त्याची एक बाजू बंद असते, एक उघडी. चाक पुढं फिरताना रबराला ज्या दिशेनं ओढून नेतं, त्या बाजूला बंद तोंड हवं. उलटं बसलं तर जोरात ब्रेक मारल्यावर रबर घरातून सटकून जातं आणि ब्रेकच राहत नाही. रबर आणि रिममध्ये दोन-तीन मिलिमीटर जागा ठेवा. दांड्यांच्या प्रत्येक सांध्याला तेलाचा एक थेंब, पण रिमवर नाही. आणि पावसात या ब्रेकवर भिस्त ठेवू नका. ओल्या लोखंडी रिमवर रबर नुसतं घसरतं.

चेन १/२ × १/८ मापाची. बारा इंच लांबीत २४ कड्या बसतात. पट्टी लावा, १२ इंचांऐवजी १२ १/८ भरली तर चेन बदला, नाहीतर ती चेनव्हीलचे दात खाईल, आणि ते बगळेवालं चेनव्हील परत कुठून आणणार? चेनलॉकचं बंद टोक चेनच्या धावण्याच्या दिशेला. चेन मधोमध बोटानं दाबली तर अर्धा इंच हलावी.

कातड्याच्या सीटला आपलं ऊनच शत्रू. ब्रुक्सचं नाव सीटच्या कडेला आणि मागच्या पत्र्यावर ठोकलेलं असतं. कोरडी पडलेली सीट लगेच आवळू नका, फाटेल. आधी मेणाचं कातडी पॉलिश दोन-तीन दिवस पातळ लावून मुरू द्या, वरून आणि खालूनही. तेलात बुडवायची नाही, मऊ होऊन झोळी होते. नाकाखालचा ताणाचा नट त्यानंतर, तोही एका वेळी पाव वळण.

रेसर सायकल हाती लागली तर

वाकड्या हँडलची, बारीक टायरची जुनी परदेशी सायकल इकडं क्वचितच येते, पण येते. तिथं आट्यांचा आणखी गोंधळ. इटालियन फ्रेमच्या बॉटमचे दोन्ही कप सरळ आट्यांचे, व्यास ३६ मिलिमीटर, इंचाला २४. फ्रेंच फ्रेमचेही दोन्ही सरळ, पण ३५ मिलिमीटर आणि एक मिलिमीटर अंतराचे. इंग्रजी समजून उजवा कप उलटा फिरवलात तर तो आवळतच जाईल. फ्रेंच हँडलची दांडी २२ मिलिमीटर, बाकीच्यांची २२.२, हा ०.२ चा फरक बळानं मिटवायला गेलात की दांडी आतच राहते. सीटखालच्या नळीवर रेनॉल्ड्स ५३१ चा छाप दिसला तर ती १९३५ पासून चालत आलेली मँगनीज-मॉलिब्डेनमच्या पोलादाची नळी. सीटपोस्ट बहुधा २७.२ ची. साध्या रोडस्टरची एक इंच, म्हणजे २५.४. अशी फ्रेम गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडं चुकूनही नेऊ नका.

चालवायला लागल्यावर

पहिले वीस-तीस किलोमीटर गावातच फिरवा, मग कॉटरचे नट पुन्हा आवळा. ते थोडे सैल होणारच. आठ दिवसांनी आरे बोटानं छेडून बघा. एखादा बद्द वाजला तर निपलला (आऱ्याच्या रिमकडच्या टोकाचा छोटा नट) रॉकेलचा थेंब टाकून पाव वळण आवळा. चाक लोळत असेल तर आउट (रिमचा वाकडेपणा) काढायला चिमट्याला खडू टेकवून धरा. खडू ज्या जागी लागतो तिथं रिम उजवीकडं गेली असेल तर डाव्या बाजूचे आरे आवळायचे, उजवे तेवढेच सैल. एका आऱ्यावर राग काढू नका, चार-पाच आऱ्यांत वाटून घ्या.

उन्हाळ्यात सायकल सावलीला ठेवा, टायरच्या कडा उन्हात तडकतात. वॉलट्यूबचा रबर दर उन्हाळ्यात बदलायचा. रात्रीतून हवा जाते म्हणून लोक पंक्चर शोधत बसतात आणि चूक त्या दोन इंची रबरात असते. आणि जून लागला की काळ्या रानात ही सायकल घालू नका. आपली माती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये अशी चिकटते की चाक फिरायचं थांबतं, आणि लोक जोर लावून ढकलतात. आमच्या हंबरच्या पुढच्या मडगार्डला एक बाक आहे, तो असाच, वडील कॉलेजात असताना पडलेला. मी तो सरळ केला नाही. बाभळीची काडी मात्र अजून कॅरिअरला बांधलेली असते, चिखल काढायला.